गायिका मेरियन अँडरसन आणि एक बंद दार

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर स्त्रीचे चरित्र द्यावयाचे, हा आपला जुना रिवाज आहे. सावित्रीबाई फुले झाल्या, रमाबाई रानडे झाल्या, डॉ. आनंदीबाई जोशी झाल्या. गेल्या खेपेला हिराबाई बडोदेकरांवर लेख आला व तो सर्वांना आवडला. यंदा संपादिकाबाईंनी हे काम माझ्याकडे सोपविले, तेव्हा मी एका परदेशी गायिकेचे नाव सुचविले. कार्यकारिणीत दोघीतिघींच्या भुवया वर गेल्या. आपल्याकडे थोर स्त्रिया काय कमी आहेत, असा प्रश्न निघाला, आणि तो रास्तही होता. मुळीच कमी नाहीत. परंतु या बाईच्या चरित्रात एक प्रसंग असा आहे की, तो महिलामंडळाच्या स्मरणिकेतच सांगितला पाहिजे. कारण तिच्यापुढे ज्यांनी दार लावून घेतले तेही एक महिलामंडळच होते, आणि जिने तिला आपली म्हटले तीही स्त्रियांचीच एक संस्था होती.

आणखीही एक कारण आहे. आपल्या सभागृहाची नोंदवही पुष्कळ वर्षे माझ्या हाती होती. त्या वहीतील एका पानामुळे हे चरित्र वाचताना माझे मन स्वस्थ राहिले नाही. त्या पानाविषयी शेवटी सांगेन. आधी मेरियन अँडरसनची हकीगत ऐका.

मेरियनचा जन्म २७ फेब्रुवारी १८९७ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. त्या देशातील गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम बत्तीस वर्षे झाली होती. गुलामी गेली, पण विटाळ गेला नव्हता. काळ्या माणसाने कोणत्या डब्यात बसावे, कोणत्या खाणावळीत जेवावे, कोणत्या शाळेत शिकावे, हे दक्षिणेकडच्या राज्यांत कायद्याने आणि उत्तरेकडे रूढीने ठरलेले असे. आपण महाराष्ट्रातल्या बायकांना हे फारसे समजावून सांगावे लागणार नाही. पाणवठा वेगळा आणि पंगत वेगळी म्हणजे काय, हे आपल्या आज्यापणज्यांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

मेरियनचे वडील जॉन अँडरसन हे रेडिंग टर्मिनल नावाच्या मोठ्या बाजारात बर्फ आणि कोळसा विकीत. आई ॲनी ही लग्नापूर्वी व्हर्जिनिया राज्यात शिक्षिका होती. परंतु फिलाडेल्फियात तिला शाळेत नोकरी मिळू शकली नाही. तीन मुलींत मेरियन थोरली. घर गरिबीचे, पण नीटनेटके व देवाधर्माचे.

तिच्या गाण्याची सुरुवात चर्चमध्ये झाली. वडिलांची बहीण मेरी हिला भाचीचा आवाज कानात भरला होता. तिने सहा वर्षांच्या मेरियनला युनियन बॅप्टिस्ट चर्चच्या बालगायकवृंदात नेऊन उभे केले. तिकडच्या समूहगानात उंच, मध्यम व खालचे असे निरनिराळे सूर निरनिराळ्या गायकांना वाटून दिलेले असतात. ही पोर ते सगळेच भाग पाठ करून ठेवी. कोणी गैरहजर राहिले की त्याची जागा भरून काढी, मग ती जागा एखाद्या पुरुष गायकाची का असेना. तिचा स्वतःचा आवाज स्त्रियांच्या आवाजातील सर्वांत खालच्या, भरदार जातीचा होता. त्या जातीला तिकडे कॉन्ट्राल्टो म्हणतात. ती आठ वर्षांची असताना वडिलांनी घरी एक पियानो आणला. परंतु शिकवणीला पैसे नव्हते. बोटे ठेवून ठेवून ती आपली आपणच थोडेफार वाजवावयास शिकली.

सन १९०९ च्या नाताळाच्या तोंडावर बाजारात काम करीत असता वडिलांच्या डोक्याला जबर मार लागला व थोड्याच दिवसांत ते वारले. मेरियन तेव्हा बारा वर्षांची होती. आई तिन्ही मुलींना घेऊन सासूसासऱ्यांच्या घरी राहावयास गेली. जी बाई एके काळी मुलांना धुळाक्षरे गिरवावयास शिकवी, ती आता लोकांची धुणी धुऊ लागली, एका मोठ्या दुकानाच्या फरशा पुसू लागली. मेरियनला पुढच्या शाळेत घालणे ऐपतीबाहेरचे होते. ती चर्चमध्ये, लहानसहान समारंभांत गाऊन मिळेल तो डॉलर आईच्या हाती देई.

अशा वेळी चर्चमधली माणसे पुढे आली. ती काही धनिक नव्हती. कोणी स्वयंपाकीण, कोणी हमाल, कोणी शिवणकाम करणारी. आपल्याकडे सत्कार्यासाठी मुष्टिफंड काढीत, तशातलाच तो प्रकार. ज्याला जमेल तेवढे त्याने दिले, आणि त्या पैशातून तिचे शिक्षण व गाण्याची शिकवणी पार पडली. ती हायस्कूलची परीक्षा उत्तीर्ण झाली १९२१ साली. तेव्हा तिचे वय चोवीस वर्षांचे होते. एवढ्या मोठ्या वयात लहान मुलींच्या बाकावर बसावयास तिला लाज वाटली नाही. आपल्या प्रौढ साक्षरता वर्गात येण्यास लाजणाऱ्या भगिनींनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

याच सुमारास तिला पहिला मोठा धक्का बसला होता. शहरातील एका संगीतशाळेत प्रवेशाचा अर्ज मागावयास ती गेली. रांगेत उभी राहिली. खिडकीपाशी बसलेली तरुणी मेरियनच्या मागून आलेल्यांनाही कागद देत राहिली आणि सर्वांत शेवटी, कोणी उरले नाही तेव्हा, काळ्यांना येथे घेत नाहीत असे सांगून मोकळी झाली. मेरियनला नवल वाटले ते याचे की, इतकी तरुण आणि चांगल्या चेहऱ्याची मुलगी असे बोलू शकते. ती काही न बोलता घरी आली.

पुढे जुझेप्पे बोगेत्ती नावाच्या नामवंत गायनशिक्षकांकडे तिला नेण्यात आले. दिवसभराच्या शिकवण्यांनी ते थकलेले होते व नवा विद्यार्थी घेण्यास नाखूश होते. तिने आपल्या लोकांचे एक भक्तिगीत म्हटले. ते संपल्यावर गुरुजींचा विचार बदलला. तिच्यासाठी लगेच जागा करण्याचे त्यांनी कबूल केले. चर्चमधल्या मंडळींनी गाण्याचा जलसा करून त्यांच्या शिकवणीची फी उभी केली.

यानंतर सर्व सुरळीत झाले असेल असे वाटेल, पण तसे झाले नाही. सन १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये तिचे गाणे झाले, ते साफ पडले. खुर्च्या रिकाम्या होत्या. दुसऱ्या दिवशी टीकाकारांनी तिच्या जर्मन भाषेतील गीतांच्या उच्चारांवर बोट ठेवले. मेरियन इतकी खचली की, काही महिने तिने गाणे सोडूनच दिले. आईने मात्र समजूत घालण्यात घाई केली नाही, रागेही भरली नाही. ती वाट पाहत राहिली, आणि एके दिवशी मुलगी पुन्हा रियाजाला बसली. पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या प्रख्यात वाद्यवृंदासाठी झालेल्या स्पर्धेत सुमारे तीनशे स्पर्धकांतून तिचा पहिला क्रमांक आला. सन १९२८ मध्ये ती कार्नेगी हॉलमध्ये गायिली.

थोडे पैसे हाती येऊ लागले तेव्हा तिने केलेली एक गोष्ट मला फार आवडते. आई आजारी असूनही कामावर जाण्याची काळजी करीत होती. मेरियनने त्या दुकानाच्या मुकादमीणबाईंना टेलिफोन केला आणि आई आजपासून कामावर येणार नाही, असे कळविले. पुढे राजेरजवाड्यांपुढे गाऊन आल्यावरही, आयुष्यातला सर्वांत आनंदाचा दिवस कोणता असे कोणी विचारले की ती या टेलिफोनचा दिवस सांगे.

स्वदेशात मोठी सभागृहे तिला क्वचित मिळत. म्हणून ती युरोपात गेली, भाषा शिकली, आणि तेथे तिचे नशीब उघडले. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड या देशांत लोक तिच्या गाण्यासाठी वेडे झाले. फिनलंडचे थोर संगीतकार सिबेलियस यांनी तिला आपल्या घरी बोलावून तिचे गाणे ऐकले व पुढे एक गीत तिला अर्पण केले. रशियात नाट्याचार्य स्तानिस्लाव्स्की यांनी तिला कारमेन या ऑपेरातील नायिकेचे काम शिकविण्याची तयारी दाखविली. ऑपेरा म्हणजे तिकडचे संगीत नाटक. फरक इतकाच की, त्यात संवादही बहुधा गाऊनच म्हणतात. मेरियनने ते पुढे पाहू म्हणून लांबणीवर टाकले. सन १९३८ मध्ये स्तानिस्लाव्स्की वारले आणि ती संधी गेली ती गेलीच. ही चुटपुट तिला कायम राहिली. सन १९३५ मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथे तिचे गाणे ऐकून तोस्कानिनी या वाद्यवृंदनायकाने असा आवाज शंभर वर्षांत एकदाच कानी पडतो, अशा अर्थाचे उद्गार काढले. ते जगभर पसरले.

त्याच वर्षअखेरीस ती मायदेशी परतली. बोटीवर पडून तिचा पाय मोडला होता व त्याला प्लास्टर घातले होते. कार्यक्रम पुन्हा त्याच टाउन हॉलमध्ये, जेथे अकरा वर्षांपूर्वी तिचा पाडाव झाला होता. पडदा उघडला तेव्हा ती पियानोला टेकून उभीच होती. पायघोळ झग्याखाली प्लास्टर झाकलेले होते. आजाराची सबब सांगून सहानुभूती मिळवावयाची नाही, असे तिने ठरविले होते. त्या रात्री न्यूयॉर्कने तिला डोक्यावर घेतले.

डोक्यावर घेतले खरे, पण हॉटेलात घेतले नाही. सन १९३७ मध्ये प्रिन्स्टन गावी तिचे गाणे झाले. सभागृह तुडुंब भरले. आणि रात्री मुक्कामाला तेथील हॉटेलने खोली नाकारली. तेव्हा प्रख्यात शास्त्रज्ञ अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी तिला आपल्या घरी नेले. स्वतः आइन्स्टाइन हिटलरच्या जर्मनीतून, यहुदी म्हणून, घरदार सोडून आलेले. या दोघांचा स्नेह त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५५ पर्यंत टिकला.

दक्षिणेत गाताना श्रोत्यांचीही विभागणी असे. गोरे पुढे आणि काळे मागे किंवा माडीवर. मेरियन भांडकुदळ नव्हती, पण तिने एक अट घातली. विभागणी करावयाचीच तर ती आडवी नको, उभी करा. म्हणजे पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत दोन्ही रंगांची माणसे येतील. पुढे १९५० नंतर तर विभागलेल्या श्रोत्यांपुढे गाण्याचेच तिने नाकारले.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे येते. त्याआधी दोन संस्थांची ओळख करून दिली पाहिजे.

अमेरिकेतील महाविद्यालयांत विद्यार्थिनींची भगिनीमंडळे असतात. त्यांना सोरोरिटी म्हणतात व त्यांची नावे ग्रीक अक्षरांवरून ठेवतात. शिक्षण संपल्यावरही सभासदत्व सुटत नाही. लग्ने होतात, गावे बदलतात, तरी मंडळ चालूच राहते. गोऱ्या मुलींच्या मंडळांत काळ्या मुलींना प्रवेश नव्हता. तेव्हा वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी १९०८ साली स्वतःचे मंडळ काढले. त्याचे नाव अल्फा कप्पा अल्फा. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींचे अशा तऱ्हेचे हे पहिलेच मंडळ. या मुली केवळ स्नेहसंमेलने भरवीत बसल्या नाहीत. सन १९३५ पासून काही वर्षे यांच्या डॉक्टर, शिक्षिका व परिचारिका उन्हाळ्याच्या सुटीत स्वतःच्या मोटारी घेऊन मिसिसिपी राज्यात जात. कापसाच्या मळ्यांवरील गरीब मजुरांच्या मुलांना रोगप्रतिबंधक लस टोचीत. मळेवाले मजुरांना दवाखान्यापर्यंत येऊ देत ना, तेव्हा या बायका दवाखानाच मोटारीत घालून मळ्यावर नेत. मेरियनला विद्यापीठात शिकण्याचे भाग्य लाभले नव्हते. परंतु या मंडळाने तिला आपली सन्माननीय सभासद करून घेतले. ज्या मुलीला संगीतशाळेच्या खिडकीवरून परत पाठविले होते, तिला शिकलेल्या स्त्रियांनी आपल्या पंगतीत मानाने बसविले.

दुसरी संस्था अमेरिकन क्रांतीच्या कन्या या नावाची. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ज्यांचे पूर्वज लढले, अशा स्त्रियांची ही संस्था १८९० साली निघाली. घरंदाज, सुखवस्तू व देशभक्तीचा अभिमान बाळगणाऱ्या या बायका. राजधानी वॉशिंग्टनमध्ये त्यांनी स्वतःचे कॉन्स्टिट्यूशन हॉल नावाचे सुमारे चार हजार आसनांचे भव्य सभागृह बांधले होते. तितके मोठे दुसरे सभागृह गावात नव्हते.

हॉवर्ड विद्यापीठ दरवर्षी मेरियनचे गाणे ठेवी. श्रोते इतके वाढले की जागा पुरेना. म्हणून १९३९ च्या जानेवारीत विद्यापीठाने ९ एप्रिल या ईस्टरच्या दिवसासाठी हे सभागृह मागितले. उत्तर आले, तारीख गेलेली आहे. मग दुसऱ्या तारखा विचारल्या. त्याही मिळाल्या नाहीत. खरी गोष्ट अशी होती की, सभागृह भाड्याने देण्याच्या करारातच, येथे फक्त गोरे कलावंत कार्यक्रम करतील, असे कलम घातलेले होते.

या संस्थेच्या एक सभासद म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट. तीन वर्षांपूर्वी त्यांनीच मेरियनचे गाणे राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी, व्हाइट हाउसमध्ये, ठेवले होते. संस्थेत राहून मन वळवावे की बाहेर पडावे, असा प्रश्न त्यांच्यापुढे होता. २६ फेब्रुवारी रोजी त्यांनी राजीनामा पाठविला. त्या वर्तमानपत्रांत रोज एक सदर लिहीत. त्यात दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनाम्याची हकीगत लिहिली. पण संस्थेचेही नाव घेतले नाही आणि गायिकेचेही नाही. नाव न घेताही सर्व देशाला कळावयाचे ते कळले. याच एलिनॉरबाईंनाही १९४९ मध्ये अल्फा कप्पा अल्फाने सन्माननीय सभासद करून घेतले. एका मंडळातून त्या आपणहून बाहेर पडल्या, आणि दुसऱ्या मंडळाने त्यांना बोलावून घेतले.

सभागृह मिळाले नाही, तेव्हा अंतर्गत खात्याचे मंत्री हॅरल्ड आयक्स यांच्या परवानगीने लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर, उघड्यावर गाणे करण्याचे ठरले. गुलामांना मुक्त करणाऱ्या अब्राहम लिंकनचे ते स्मारक. पण त्या स्मारकाच्या १९२२ मधील उद्घाटनालासुद्धा काळ्या पाहुण्यांना वेगळे बसविले होते.

मेरियन स्वभावाने बुजरी होती. आपल्या नावाने चाललेला हा गदारोळ तिला सोसवेना. आदल्या रात्री तिने आपल्या व्यवस्थापकाला फोन करून, खरेच गावे लागेल का, असे विचारले. राजधानीतील हॉटेलांत तिला जागा नव्हती, म्हणून आई व बहिणींसह ती पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर गिफर्ड पिंचो यांच्या घरी उतरली होती.

९ एप्रिल १९३९. थंडी होती, म्हणून अंगावर फरचा उबदार कोट. पायऱ्यांवर येऊन तिने समोर पाहिले तो पंचाहत्तर हजार माणसे. काळी आणि गोरी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी, कोणी आडवी नाही, कोणी उभी नाही, विभागणीच नाही. घरोघरी लोक रेडिओपाशी बसले होते. तिने डोळे मिटले आणि प्रथम देशभक्तीचे एक सर्वांना पाठ असलेले गीत म्हटले. मग दोनिझेत्तीच्या एका ऑपेरातील गीत, शूबर्टचे आवे मारिया, आणि मग आपल्या गुलाम पूर्वजांची भक्तिगीते.

त्या पहिल्या गीतात तिने एक छोटा बदल केला. मूळ गीतात गाणारा 'मी' आहे. मेरियनने त्या जागी अनेकवचन घातले. इंग्रजीत त्याला एकच शब्द आहे. आपल्या मराठीत मात्र दोन आहेत, आणि त्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. आम्ही म्हटले की समोरचा बाहेर राहतो. आपण म्हटले की समोरचा आत येतो. तिला कोणता शब्द अभिप्रेत होता? तिचे लोक इतकी वर्षे बाहेर ठेवले गेले होते, तेव्हा तिने आम्ही म्हटले असते तरी तिला दोष देता आला नसता. पण ते गीत ती समोरच्या सर्वांच्या वतीने गात होती. ते मराठीत सांगावयाचे तर मी आपण असेच सांगेन.

पुढची हकीगत थोडक्यात सांगते. सन १९४१ मध्ये फिलाडेल्फिया शहराचे दहा हजार डॉलरांचे पारितोषिक तिला मिळाले. त्यातून तिने होतकरू गायकांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. चर्चच्या मुष्टिफंडातून आपण वर आलो, याची ती परतफेड होती. सन १९४३ च्या जानेवारीत क्रांतीच्या कन्यांनी तिला स्वतःहून कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये बोलाविले. युद्धकाळातील मदतनिधीसाठी ती तेथे गायिली. श्रोत्यांत भेदभाव नव्हता. त्या वेळी तिला ना जिंकल्याचा गर्व वाटला, ना सूड उगविल्याचे समाधान. चांगले सभागृह आहे आणि येथे गाता आले, एवढेच तिला वाटले. त्याच वर्षी तिने बालपणापासूनचे स्नेही, वास्तुशिल्पकार ऑर्फियस फिशर यांच्याशी विवाह केला.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात तोपर्यंत एकाही कृष्णवर्णीय गायकाला भूमिका मिळालेली नव्हती. ते दार उघडले ७ जानेवारी १९५५ रोजी, व्हेर्डीच्या एका ऑपेरात भविष्य सांगणाऱ्या उल्रिका या स्त्रीच्या भूमिकेसाठी. पडदा वर गेला तेव्हा मेरियन मोठ्या कढईत काही ढवळीत उभी होती. तिने तोंड उघडण्यापूर्वीच टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला आणि थांबेना. वृद्ध आई प्रेक्षकांत बसली होती. पण भगिनींनो, मेरियनचे वय तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. आवाजाची ऐन बहाराची वर्षे निघून गेली होती. दार उघडले हे खरे, पण उशीर झाला हेही तितकेच खरे. त्या उशिराची भरपाई टाळ्यांनी होत नाही.

सन १९५७ मध्ये आशियाच्या दौऱ्यावर असताना ती आपल्या देशातही आली. बारा आठवड्यांत तिने चोवीस कार्यक्रम केले. दिल्लीत महात्मा गांधींच्या स्मारकापाशीही ती गायिली. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या देशाची प्रतिनिधी म्हणून तिची नेमणूक झाली.

२८ ऑगस्ट १९६३ रोजी त्याच लिंकन स्मारकापाशी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चळवळीचा प्रचंड मेळावा भरला. प्रारंभीचे राष्ट्रगीत मेरियनने म्हणावयाचे होते, पण गर्दीमुळे ती वेळेवर पोचू शकली नाही. तिच्या जागी कॅमिला विल्यम्स या गायिकेने ते म्हटले. ही कॅमिला म्हणजे मेरियनची शिष्यवृत्ती मिळविलेल्या पहिल्या मुलींपैकी एक. मेरियन नंतर पोचली व आपले गीत गायिली. सन १९६४ मध्ये तिने निरोपाचा दौरा काढला, त्याचा आरंभ कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्येच केला. ८ एप्रिल १९९३ रोजी, शहाण्णवाव्या वर्षी, ओरेगॉन राज्यात भाच्याच्या घरी ती निवर्तली. सन २००५ मध्ये तिच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले, त्याचा समारंभही त्याच सभागृहात झाला. दार लावणाऱ्यांच्या लेकीसुनांना ते उघडण्याची बुद्धी झाली, ही चांगलीच गोष्ट म्हणावयाची.

आता ते पान.

मी चिटणीस होऊन वर्ष झाले नव्हते. नाल्यापलीकडच्या वस्तीतील एक बाई सभागृह मागावयास आल्या. आपल्यापैकी दोघीतिघींच्या घरी त्या धुणीभांडी करीत, आणि वस्तीतील बायकांचे भजनी मंडळ चालवीत. आषाढी एकादशीच्या संध्याकाळी भजन करावयाचे होते. पावसाचे दिवस, म्हणून छप्पर हवे होते. अनामत रकमेच्या नोटा पदराच्या गाठीला बांधून आणल्या होत्या. मी वही उघडली. पान कोरे होते. त्यांना अक्षरओळख नव्हती, हे मला माहीत होते. मी तारीख गेली आहे, असे सांगितले. त्यांनी ताई, बरं, म्हणून गाठ पुन्हा बांधली व त्या गेल्या. मला कोणी तसा हुकूम दिला नव्हता. कोणते लोक आपल्या सभागृहात येतात व कोणते येत नाहीत, हे सांगावे लागत नसे, सर्वांना उमजलेले असे. त्या गेल्यावर मी त्या तारखेपुढे मंडळाचा खासगी कार्यक्रम असे लिहून टाकले. असा काहीही कार्यक्रम नव्हता.

एकादशीला सभागृहाला कुलूप होते. समोरच्या मैदानात ताडपत्री बांधून, पावसात, त्या बायका टाळ घेऊन गायिल्या. मी गॅलरीतून ऐकले. त्यांच्यात एक आवाज फार सुरेख, भारदस्त होता. तो कोणाचा, हे मी कधी विचारले नाही. त्या बाईंनी पुन्हा सभागृह मागितले नाही. भेटल्या की पूर्वीसारख्याच ताई म्हणत. आता त्या हयात नाहीत. त्यांची क्षमा मागावयाची ती वेळेवर मागितली नाही, हे माझ्या मनाला लागून राहिले आहे.

या वर्षीच्या वार्षिक सभेत सभागृहाच्या नियमावलीत एक नवे कलम घालण्याची सूचना येणार आहे, ती सर्वांना घरपोच मिळाली असेलच. सभागृह सभासदांना अथवा सभासदांच्या शिफारशीनेच द्यावे, असे ते कलम आहे. सूचना मांडणाऱ्या भगिनींचा हेतू चांगला आहे. मोडतोड होते, पैसे थकतात, हे मीही अनुभवलेले आहे. त्यासाठी अनामत वाढवावी, जबाबदारीचा कागद लिहून घ्यावा. परंतु शिफारस कोण कोणाची करते आणि कोणाची कधीच होत नाही, हे वही सांभाळलेल्या माझ्यासारखीला ठाऊक आहे.

नव्या चिटणीसबाईंकडे दप्तर सोपविताना ते पान मी फाडले नाही. वही कपाटात आहे, कोणीही पाहावी. सभेच्या दिवशी मी त्या कलमाच्या विरुद्ध मत देणार आहे. आपणही विचार करून यावे, ही विनंती.